ठिकाण मी पाहिलं होतं

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपल्या शाळा समितीचे सुकलाल आप्पा; प्रमुख पाहुणे, स्वातीच्या संस्थेचे किरणसाहेब; आपले मुख्याध्यापक रघुनाथ सर; जिला निरोप द्यायला आपण जमलो ती स्वाती; आपल्या सुरतेतल्या या लिंबायतच्या आजूबाजूच्या शाळांतून आलेले सगळे हेडमास्तर, ऑफिसातली मंडळी, मास्तर आणि बाई, मुलांचे आईबाप, आणि मागे भिंतीला टेकून जेवण केव्हा वाढतात ते बघत उभे असलेले माझ्या गल्लीतले लोक, या सगळ्यांना सरलाबाईचा रामराम.

इथपर्यंतचं माझ्या नातीने, हर्षदाने, माझ्याकडून पाठ करून घेतलं. जेवणाचं तेवढं माझं.

मला म्हणाले, आजी, दोन शब्द बोला. दोन शब्दांत माझं काही होत नाही हे आप्पांना माहीत आहे, तरी त्यांनी विचारलं. आता ऐका. आप्पा, घड्याळ नंतर बघा.

मी तिसरीपर्यंत शिकले. सही येते, रिक्षावाल्याशी भांडता येतं, आणि गुजराती तर हिंदीपेक्षा बरी येते. एवढ्यावर मला शाळेच्या समितीत घेतलं. समितीत बायका लागतात, आणि मला नको म्हणायची कोणाची छाती नव्हती. समितीत बसून मी काय केलं? चहा प्यायले आणि सगळ्यांना बोलले. मग ही स्वाती आली.

नवीन पालक बसलेत, त्यांच्यासाठी सांगते. आपल्या नववी-दहावीच्या पोरांना सुट्टीत महिनाभर एखाद्या कामाच्या ठिकाणी शिकायला पाठवायचं, त्याला इंटर्नशिप म्हणतात. कोणी मोबाइल दुरुस्तीला जातं, कोणी दवाखान्यात, कोणी साडीच्या डिझाइनला. आता पोरं जातील, पण ठिकाण शोधायचं कोणी? ते बघून यायचं कोणी? मालकाशी बोलायचं, पोरांना मधूनमधून विचारायचं, हे सगळं कोणी करायचं? शाळेने. आणि शाळेतल्या लोकांना ते येत होतं का? सर, रागावू नका, येत नव्हतं. पोरांना शिकवायला खूप जण येतात. हेडमास्तरांना शिकवायला ही एकटी आली.

बाकावर बसलेले हेडमास्तर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. गुडघे मावत नव्हते. मी समितीची म्हणून मलाही शेवटच्या बाकावर बसवलं होतं. स्वातीने काय करावं? रघुनाथ सरांना शेठ केलं आणि आपल्या ऑफिसातल्या योगेशला नववीतली मुलगी. एवढ्या मिशांची मुलगी! म्हणाली, "योगेशभाऊ, आज तुमचा कामाचा चौथा दिवस. तुम्हाला तिथे काहीतरी त्रास आहे. काय ते मनात ठेवा. सर, तुम्ही शेठ. तिला विचारा कसं चाललंय."

सरांनी आवाज गोड केला. "काय बेटा, बरं चाललंय ना?"

योगेश खाली बघून म्हणाला, "हो सर."

"बघा," स्वाती म्हणाली. "त्रास पोटात राहिला आणि तोंडातून हो आलं. बरं चाललंय ना, हे विचारणं नव्हे. तो हो वदवून घ्यायचा प्रकार आहे."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसले. योगेशला म्हटलं, "पोरी, पदर सांभाळ." ते हसणं आठवलं की मला आता बरं वाटत नाही.

मागच्या सुट्टीत आपल्या शाळेला एक चांगलं ठिकाण मिळालं. साडीच्या काठाचं डिझाइन कॉम्प्युटरवर करतात, तिथे चार मुली घेणार होते. शेठचं नाव मी घेत नाही, तो इथे नाही आणि तो वाईट माणूसही नाही. स्वातीने समितीत विचारलं, ठिकाण बघून कोण येईल? मी म्हटलं, मी. आमच्या भाऊबंदांत कुठल्याही पोरीचं स्थळ बघायचं असलं की मला नेतात. मी उंबऱ्यात पाय टाकला की घर कसं ते सांगते, आणि माझं अजून चुकलेलं नाही, हे मी त्या दिवशीही सांगितलं. दोनदा सांगितलं.

गेले. तिसरा मजला. लिफ्ट होती, पण ती कापडाचे तागे चढवायची. जिन्याने गेले, दम लागला. शेठ दारापर्यंत आला, वाकला. "पगे लागू, बा." त्याची म्हातारी आई आतल्या खोलीत खुर्चीवर बसून हिशेबाचं बघते. तिने मला हाताला धरून शेजारी बसवलं. "आवो बा, बेसो." चाळीस वर्षं मी या सुरतेत आहे. पॉवरलूमवाल्यांच्या दारात उभी राहिले, साड्यांची गाठोडी डोक्यावर वाहिली. मला कोणत्या शेठाणीने शेजारी खुर्ची दिली होती? नाही दिली. मी बसले.

आणि मी काय बघितलं ते ऐका. शेठ किती भाऊ? तीन. एकत्र राहतात का? राहतात. बहिणी दिल्या? दिल्या, सुखी आहेत. तंबाखू? नाही. कारखान्याची जागा भाड्याची की घरची? घरची. माठावर झाकण होतं. माताजीच्या फोटोला हार ताजा होता. मी त्या म्हातारीचं माहेर विचारलं, तिच्या गुडघ्याचं औषध विचारलं, धाकटी सून नीट वागते का तेही विचारलं. मी पोरगी द्यायला निघाल्यासारखं सगळं बघितलं. पोरी तिथे काम शिकायला जाणार होत्या हे माझ्या डोक्यातच राहिलं नाही. मुली दिवसभर कुठे बसणार, आजूबाजूला कोण बसतं, कडी कोण लावतं, आणि लघवीला कुठे जाणार, यातलं एक अक्षर मी विचारलं नाही. माना खाली घालू नका. लघवीच म्हणाले.

का नाही विचारलं? मला सुचलं नाही असं नाही. खरं तर चहा पिऊन उठताना मलाच लागली होती. पण ज्यांनी आदराने शेजारी बसवलं त्यांना पहिल्याच भेटीत हे काय विचारायचं? पाहुणी म्हणून गेलेली बाई असलं विचारत नाही. मी घरी येईपर्यंत धरून ठेवली.

शाळेत आले. सरांनी विचारलं, "आजी, ठिकाण कसं?" म्हटलं, "खानदानी. माझ्या हर्षदाला पाठवते तिथे." झालं. सरलाबाई आपली नात पाठवते म्हटल्यावर बाकीच्या आईबापांनी काय विचारायचं?

विचारलं एकटीने. स्वाती म्हणाली, "आजी, मुलींची सोय बघितली का?"

मी तिला काय म्हणाले ते तिने कोणाला सांगितलं नाही, म्हणून मी सांगते. म्हणाले, "कालची पोर तू. तुझं लग्न नाही झालं अजून, आणि मला घर बघायला शिकवतेस?"

ती म्हणाली, "बरं, उद्या मीही एकदा जाऊन येते."

म्हटलं, "म्हणजे माझ्यावर भरवसा नाही?"

दुसऱ्या दिवशी तिला कडोदऱ्याच्या शाळांचं ट्रेनिंग होतं. ती तिकडे गेली. मला दुखवायचं नाही म्हणून इकडे आली नाही. तिची चूक म्हणाल तर एवढी. मला दुखवायला हवं होतं. माझं काही झडलं नसतं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मुली जायला लागल्या. त्या मजल्यावर मुलींसाठी काही नव्हतं. खाली, तळमजल्यावर, एकच संडास; तिथे लूमच्या माणसांची रांग असायची, दाराला कडी नव्हती. पोरींनी काय केलं? सकाळपासून पाणी पिणं बंद केलं. घरून भरून दिलेल्या बाटल्या तशाच भरलेल्या घरी यायच्या, आणि माझ्या घरात ती बाटली मीच ओतून टाकत होते. मला वाटायचं, शेठकडे माठाचं गार पाणी आहे, मग बाटलीचं कोण पिणार. पूजाला ताप भरला, तिथेच पडली. डॉक्टर म्हणाले, पाणी न पिऊन, रोखून धरून, जंतू वर किडनीपर्यंत गेले. चांगली सलाइनवर होती पोर. आता बरी आहे, ती बघा, तिसऱ्या रांगेत बापाशेजारी बसली आहे. पूजा, लाजू नकोस. लाजायचं काम दुसऱ्यांचं आहे.

रघुनाथ सर रोज फोन करत होते, हेही सांगितलं पाहिजे. शिकवल्याप्रमाणे करत होते. फक्त शेठला करत होते. "काय शेठ, बरं चाललंय ना?"

मग ती पालकांची सभा झाली. याच हॉलमध्ये, याच पंख्याखाली. पूजाचा बाप बळीराम उभा राहून ओरडत होता, "ठिकान कोनं पाह्यलं होतं? नाव सांगा!" मंचावरच्या तिघांना, आप्पांना, सरांना आणि स्वातीला, ठाऊक होतं. मी पहिल्या रांगेत होते. अर्ध्या लिंबायतची तोंडं बंद करणारी बाई मी. माझंच उघडेना. स्वाती उठली. "ठिकाण ठरवायची जबाबदारी माझी होती," म्हणाली. "माझी चूक झाली." एवढं बोलून ती उभीच राहिली, आणि लोकांनी तिला जे बोलायचं ते बोलून घेतलं.

आणि मी? चपला शोधायला लागले.

आता निमंत्रणाच्या कार्डावर छापलंय, पुढील वाटचालीस शुभेच्छा. कसली वाटचाल? बारडोलीच्या ऑफिसात तिला टेबलाशी बसवणार आहेत. शाळांत जायचं नाही, कोणाला शिकवायचं नाही. किरणसाहेब, मी तुम्हाला फोन केला होता. सांगितलं, ठिकाण मी पाहिलं होतं, पोरीला हलवू नका. तुम्ही चांगलं बोललात. म्हणालात, आजी, निर्णय झाला आहे. मी तुम्हाला जे बोलले ते मंचावर बोलत नाही, तुम्ही पाहुणे आहात. तसं पाहुण्यांना काही न बोलल्यामुळेच हे सगळं झालं. पण जेवण झाल्यावर दहा मिनिटं माझ्याजवळ बसा.

हे स्वातीला कळलं. घरी आली माझ्या. वाटलं, भांडेल. पाणी मागितलं, प्यायली, म्हणाली, "आजी, माझं राहू द्या. मी टेबलाशीही काहीतरी करीनच. पूजाचं बघा. तिचे वडील तिला आता कुठेच पाठवत नाहीत."

खरं होतं. सोमवारपासून मुली दुसऱ्या ठिकाणी जाणार, चौघींतल्या तिघी. पूजा घरी बसून साडीवर टिकल्या चिकटवते. आणि चौघींत डिझाइनचा हात तिचाच होता. पहिल्याच आठवड्यात तिने काठावर पोपट काढला. मला विचाराल तर तो कोंबडीसारखा दिसतो. पण शेठने तो साडीवर उतरवला आणि बाजारात तो चालला. पोरीचं डोकं चालत होतं आणि पोटात आग होत होती, दोन्ही एकदमच.

मी आधी त्या शेठकडे गेले. भांडायलाच गेले, लपवत नाही. सगळं ऐकून तो रडकुंडीला आला. त्याच्या आईच्या खुर्चीमागे पडदा होता. पहिल्या भेटीत मी त्याच पडद्याला टेकून बसले होते. त्याने पडदा सरकवला. मागे दार, दाराला कुलूप. उघडलं. पांढरा स्वच्छ संडास, नळाला पाणी, आतून कडी. घरच्या बायकांसाठी बांधलेला. चावी म्हातारीच्या कमरेला.

"बा," तो म्हणाला, "तमे पूछ्युं होत तो चावी आपी देत."

विचारलं असतं तर दिली असती. मी पाठ टेकून बसले होते त्याच्यापासून हातभर अंतरावर तो होता. मी भांडायचं विसरून खाली आले.

घरी येऊन हर्षदाला धरलं. ती पण तर तिथेच जात होती. तिला काही झालं नाही हे माझं नशीब. म्हटलं, "पोरी, काबर नही सांगं तू मले?"

ती कपडे वाळत घालत होती. थांबली नाही. "तू आख्ख्या गल्लीत सांगून आली होतीस, जागा किती चांगली आहे. मी म्हटलं असतं सोय नाही, तर तू काय म्हणाली असतीस?"

मी काय म्हणाले असते? मी म्हणाले असते, आम्ही गावाकडे अंधार पडेपर्यंत वाट बघायचो, आमचं काय झालं? बोलणारीला मी एका वाक्यात गप्प केलं असतं. ते मला येतं. माझ्या तोंडाचं मला फार कौतुक होतं. पण त्या तोंडाला भिऊन घरातलीच पोरगी तहानलेली राहिली, आणि मी तिची बाटली ओतत राहिले.

परवा बळीरामकडे गेले. तो बुलडाण्याकडचा, लूमवर रात्रपाळी करतो, नुकता उठला होता. म्हटलं, "बळीराम, ठिकाण मी पाहिलं होतं. स्वातीने नाही."

तो दात घासत होता. चूळ भरली. म्हणाला, "मले ठाऊक होतं, आजी. शेठची माय पूजाले रोज इचारत होती, तुमची सरलाबाई बरी हाये का म्हनून."

"मग सभेत बोलला का नाहीस?"

"तुमच्या तोंडाले कोन लागन?" म्हणाला. मग तोंड पुसत, "अन् ताईनं अंगावर घेतलं. तिच्यावर ओरडनं सोपं होतं. तुमी पहिल्या रांगीत बसल्या होत्या."

मी पन्नास माणसांदेखत शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हे वाईट लागलं.

तिथेच मी पूजाला विचारलं, "जाशील का परत?" बापासमोर विचारलं, आईसमोर विचारलं, शेजारीण दारात उभी असताना विचारलं. इतकं शिकून! ती म्हणाली, "पप्पा म्हणतील तसं." मग बळीराम दूध आणायला गेला, आई गॅसशी गेली. तेव्हा पोरगी टिकलीवरची नजर न काढता हळूच म्हणाली, "आजी, जायचं मला. पण आधी तुम्ही जा. भरपूर पाणी पिऊन जा, आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसा."

हेडमास्तर हो, लिहून घेत असाल तर हे लिहा. एवढं ट्रेनिंग झालं, त्याचं सार नववीतल्या पोरीने एका दमात सांगितलं. नाही, चुकले. स्वातीनेच तिला बोलायला शिकवलं होतं. ऐकणारी मी उशिरा आले.

काल गेले मी नव्या ठिकाणी. घरून तांब्याभर पिऊन निघाले, तिथे पोचल्यावर मागून प्यायले. माझ्या वयात दर तासाला उठावं लागतं, त्याचा पहिल्यांदाच कोणाला उपयोग झाला. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मालक गोरामोरा झाला. चौथ्यांदा त्याने स्वतःच बोट दाखवलं. दार आहे, कडी आहे, पाणी आहे, पण बल्ब उडाला होता. संध्याकाळी मी बसलेली असतानाच नवा लावून घेतला. शिकवणारी बाई कोण, ती शिकवते की धागे तोडायला बसवते, तेही बघितलं. धागे तोडायला बसवते, पण दुपारपर्यंतच. त्यावर आमचं बोलणं व्हायचं आहे.

बळीराम, आता तुझ्याशी बोलते. तू मान हलवायला लागलास, ते थांबव. माइकवर विचारलं की सगळे हो म्हणतात. मला इथे तुझा हो नको आहे. उद्या रविवार आहे, तुझी सुट्टी, पण ते ठिकाण चालू आहे. माझ्याबरोबर तिथे चल, तुला मी तांब्याभर पाणी पाजते आणि दिवसभर बसवते. घरी आल्यावर पूजाला बाजूला घेऊन तिचं काय ते ऐक. मग नाही म्हणालास तर मी तुझ्या दारात येऊन ओरडणार नाही. हे मी सगळ्यांसमोर कबूल करते, म्हणजे मला मोडता येणार नाही.

स्वाती, इकडे ये. रडायचं नंतर. समितीने तुला साडी द्यायची ठरवली, ती मी निवडली आहे. रंग तुला शोभणार नाही, पण काठ बघ. हा तोच. कोणी कोंबडी म्हणालं तर पोपट आहे म्हणून सांग. बारडोलीत टेबलाशी बसशील तेव्हा समोरच्या खुर्चीत माझ्यासारखी एखादी येईल, तुला म्हणेल, कालची पोर तू. तेव्हा गप्प बसू नकोस. तिच्या मानासाठी थांबू नकोस. दुसऱ्या दिवशी जाऊन बघून ये. मी तुझे आभार मानत नाही, तेवढी माझी लायकी नाही. आभार समिती मानेल, त्यांच्याकडे कागद आहे.

बाकी सगळ्यांनी माझं एवढा वेळ ऐकलं, उपकार झाले. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, कोणाला लागलं असेल, तर पोटात घाला असं म्हणायची रीत आहे. मी म्हणते, पोटात घालू नका. मला येऊन सांगा. मी उलट बोलले तरी पुन्हा सांगा.

आणि आता जेवायला बसण्याआधी: या हॉलमध्ये बायकांची सोय मागच्या जिन्याखाली डाव्या हाताला आहे. पाणी आहे. कडी लागते. मी बघून आले आहे.